बर्फातून परत आलेली शेवंड

गिरीज हे वाड्यांचे गाव. केळी, पानवेली, फुले आणि विहिरीवरचा रहाट. समुद्र थोडा लांब, पण मासळी दारात येई. पाचूबंदरची मावशी पाटी उतरवी, त्यात बोंबील-मांदेलीवर कधी एखादी शेवंड मिशा हलवीत बसलेली असे. शेवंड घ्यायची ती जिवंतच, असा घरोघरचा नियम होता. आता त्याच गावात फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून शेवंडीचे दगडासारखे शेपूट निघते आणि सून विचारते, "आई, हिचे करायचे काय?"

आईंना तरी कुठे ठाऊक! त्यांनी नुसते शेपूट कधी पाहिलेलेच नव्हते.

डोके आणि शेपूट वेगळे झाले ते परदेशी बाजारासाठी. 1953 साली कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली, पुढे शेवंडीची शेपटेही निघाली. शेवंड मेली की डोक्यातले पाचकरस तिचेच मांस पचवू लागतात आणि मांस पिठासारखे भुसभुशीत होते. म्हणून कारखान्यात डोके काढतात. जिवंत शेवंडीचा आपला नियम त्याच कारणाचा, फक्त आपण ते कारण कधी विचारले नव्हते.

बर्फाने शेवंड टिकू लागली, तशी तिला किंमत आली. मुंबईच्या समुद्रात एक चपटी, वाळूत दडून राहणारी शेवंड मिळे. ट्रॉलरची जाळी तळ खरवडत गेली. पोटाखाली अंडी घेतलेल्या माद्याही त्यात आल्या. 1994 साली ही मासेमारी कोसळली. एका जातीची मासेमारी आपल्या डोळ्यांदेखत बसली आणि आपल्याला बाजारात तिची आठवणही झाली नाही, याचे मला अजून वाईट वाटते. 2003 साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली: चपटीला 150 ग्रॅम, आपल्याकडच्या काटेरी शेवंडीला 300. ही वजने अख्ख्या शेवंडीची. घरासाठी घेतानाही हे आकडे लक्षात ठेवावेत, आणि अंडी दिसली तर ती शेवंड घेऊच नये.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे. आधी रंग पाहा. कवच लालभडक असेल तर ती उकडून गोठवलेली आहे, नुसती गरम करायची. कच्च्या शेवंडीचा रंग हिरवट-करडा असतो. तिच्यातला लाल रंग प्रथिनात बांधलेला असतो, आचेने तो सुटतो. कच्चे शेपूट झाकून रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावे. घाईने गरम पाण्यात टाकले तर वरचे मांस शिजते आणि आत बर्फ तसाच. सुटले की पोटाकडचे पातळ कवच कात्रीने कापून काळा धागा काढावा, मीठ-हळद-लसूण लावावी. एकदा सुटलेले पुन्हा गोठवू नये.

नारळाच्या दुधाचे कालवण आधी उकळू द्यावे, चिंचेचा कोळ घालावा, तुकडे अगदी शेवटी. सहा-सात मिनिटे पुरे. जास्त शिजली की रबर.

तरी पहिल्या दिवशी आई म्हणाल्याच, चव नाही. बरोबर होते त्यांचे. कालवणाची चव डोक्यात असते, आणि ते तर कारखान्यातच राहिले. दुसऱ्या वेळी त्यांनी कोळंबीची मूठभर डोकी ठेचून, त्यांचे पाणी गाळून कालवणात घातले.