मक्याच्या शेतापासून तळलेल्या कोंबडीपर्यंत : महाराष्ट्रातील एका उपाहारगृह-साखळीची पार्श्वभूमी आणि सिल्लोड परिसर

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्यामार्गे जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिल्लोड हे तालुक्याचे गाव मिरची, कापूस आणि मका या पिकांसाठी ओळखले जाते. तळलेल्या कोंबडीच्या झटपट उपाहारगृहांशी या गावाचा संबंध प्रथमदर्शनी जाणवत नाही. अशा उपाहारगृहांची चर्चा बहुधा शहरी चंगळवाद किंवा पाश्चात्त्य अनुकरण या अंगानेच होते. तथापि पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने काढलेल्या 'वेंकीज एक्स्प्रेस' या उपाहारगृह-साखळीची मुळे शोधू लागल्यास ती स्वयंपाकघरात नव्हे, तर उबवणी केंद्रात आणि मक्याच्या शेतात सापडतात.

अमेरिकेतही क्रम हाच होता. 1923 मध्ये डेलावेअर राज्यातील सेसिल स्टील या महिलेने अंड्यांसाठी 50 पिले मागविली असता चुकून 500 आली. ती तिने मांसासाठी वाढवून विकली. 1948 च्या 'उद्याची कोंबडी' स्पर्धेने भरदार छातीच्या, जलद वाढणाऱ्या पक्ष्याच्या पैदाशीला दिशा दिली. हारलंड सँडर्स यांच्या पाककृतीचे पहिले परवाना-उपाहारगृह सॉल्ट लेक सिटी येथे निघाले ते त्यानंतर, 1952 मध्ये. हा क्रम योगायोगाचा नाही. दाबाखालील तेलात ठरावीक मिनिटे तळण्यासाठी प्रत्येक तुकडा जवळजवळ सारख्या आकाराचा आणि सारख्या कोवळेपणाचा असावा लागतो. गावरान कोंबडी ही अट पाळू शकत नाही. मराठवाड्यातील काळ्या मसाल्याच्या रश्श्याला अशी सक्ती नाही. कोंबडी जून निघाली तर चूल थोडी अधिक वेळ जळते, इतकेच.

भारतात एकसारखा पक्षी मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून देणाऱ्यांत डॉ. बी. व्ही. राव यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी 1971 मध्ये हैदराबाद येथे वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे समूहाचे केंद्र पुण्यास आले. अमेरिकेतील कॉब या पैदास-संस्थेच्या सहकार्यातून 'वेनकॉब' हा मांसल पक्षी देशभर पसरला. 1982 मध्ये राव यांच्या पुढाकाराने अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. भाव ठरविण्याची सूत्रे व्यापाऱ्याकडून उत्पादकाकडे यावीत, हा तिचा हेतू. 1995 मध्ये बंगळूर येथे केंटकी फ्राइड चिकनचे देशातील पहिले दालन उघडले आणि पुढच्याच वर्षी, 30 जानेवारी रोजी, कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्याची मोडतोड केली. त्या आंदोलनाने परदेशी भांडवलाचा प्रश्न ऐरणीवर आणला. परंतु परदेशी पैदाशीचा पक्षी तोपर्यंत देशी खुराड्यांत केव्हाच स्थिरावला होता, याकडे फारसे लक्ष गेले नाही. वेंकीजने पिलू, खाद्य, औषध आणि प्रक्रिया यांपाठोपाठ विक्रीचे दालनही स्वतःकडे घेतले; साखळीतील शेवटचा दुवा असा जोडला गेला.

सिल्लोडचा दुवा मात्र पहिला आहे. कोंबडीखाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा असतो. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोचा होणारा पक्षी साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातो. म्हणजे एका पक्ष्यामागे ढोबळमानाने दोन किलो मका. ग्राहकाने कोंबडी नाकारली की त्याचा धक्का अडत बाजारापर्यंत पोहोचतो. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक निश्चित झाला. तत्पूर्वी पक्ष्यांची मरतूक राणीखेत अर्थात मानमोडीने होत असल्याचे सांगितले जात होते. मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात, म्हणजे अजिंठ्याचा घाट उतरताच लागणाऱ्या मुलखात, आढळला. लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. शासनाने कोंबडीपालकांना नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली. मका पिकविणाऱ्याचा त्या हिशेबात समावेश नव्हता.

हेच चित्र पुढे अधिक ठळक झाले. 2018 मध्ये देशात आलेल्या लष्करी अळीने मक्याचे पीक पोखरले. भाव चढले आणि कोंबडीपालक हैराण झाले. 2020 च्या आरंभी कोंबडीतून करोना पसरतो, ही निराधार अफवा उठली. पिले जिवंत पुरली गेली, खाद्याची मागणी कोसळली आणि मका 1760 रुपये प्रतिक्विंटल या हमीभावाच्याही खाली विकला गेला. तळलेल्या कोंबडीच्या दालनाला काही आठवडे टाळे लावता येते; शेतात उभ्या असलेल्या मक्याला तशी सोय नाही.

2023-24 पासून इथेनॉलसाठी मक्याची खरेदी वाढल्याने या शेतकऱ्याला कोंबडीखाद्याखेरीज दुसरा मोठा गिऱ्हाईक मिळाला आहे. त्यावर कुक्कुट उद्योगाने शुल्कमुक्त मका आयातीची मागणी लावून धरली. भावाची सूत्रे उत्पादकाच्या हाती असावीत, हे तत्त्व 1982 मध्ये याच क्षेत्रातील अंडी उत्पादकांनी स्वतःसाठी मांडले होते.