अजब न्याय वर्तुळाचा

चिंतामण त्र्यंबक खानोलकर (८ मार्च १९३०–२६ एप्रिल १९७६) यांचे मराठी नाटक. बेर्टोल्ट ब्रेख्ट या जर्मन नाटककाराच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ या नाटकाचे हे रूपांतर. ते १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. वाइमार येथील जर्मन राष्ट्रीय रंगमंदिरातील दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांचा या निर्मितीत वाटा होता. भक्ती बर्वे यांनी त्यात भूमिका केली. पुढे तत्कालीन पूर्व जर्मनीतही त्याचे प्रयोग झाले. एका मुलावर दोन स्त्रिया आई म्हणून हक्क सांगतात आणि न्यायाधीश त्याचा निवाडा करतो, हा या नाटकाचा गाभा. त्याची एक ठळक मुळी बायबलच्या जुन्या करारात आहे. म्हणून सिंधुदुर्गाच्या मातीतल्या लेखकाने हाताळलेले बायबलप्रेरित नाटक असे त्याच्याकडे पाहता येते, आणि तसे पाहायला हवे.

मूळ कथा ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात येते. एकाच घरात राहणाऱ्या दोन वेश्या शलमोन राजापुढे उभ्या राहतात. एकीचे मूल रात्री दगावले आहे आणि जिवंत मूल आपलेच, असे दोघीही सांगतात. राजा तलवार मागवून मुलाचे दोन तुकडे करण्याची आज्ञा देतो. एक स्त्री त्याला कबूल होते. दुसरी मात्र मूल तिला द्या, पण मारू नका, अशी विनवणी करते. ती आई ठरते. याच जातीची कथा पाली जातकांतील महाउम्मग्ग जातकात आहे. तेथे महोसध हा पंडित जमिनीवर रेघ ओढतो, मूल तिच्यावर ठेवतो आणि दोघींना हातापायांना धरून ओढायला सांगतो. चौदाव्या शतकाच्या सुमारास ली शिंगदाव या चिनी नाटककाराने रेघेच्या जागी खडूचे वर्तुळ आणले. त्याच्या नाटकावरून क्लाबुंड या जर्मन कवीने १९२५ मध्ये ‘खडूचे वर्तुळ’ लिहिले आणि माक्स राइनहार्टने ते बर्लिनमध्ये सादर केले. एका निवाड्याने एवढा प्रवास केला, पण या सर्व रूपांत निकाल एकच राहिला: जिने जन्म दिला तीच आई.

ब्रेख्टने हा निकाल फिरवला. अमेरिकेत निर्वासित असताना, १९४४ मध्ये, त्याने ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ लिहिले. बंडाळीत राज्यपाल मारला जातो. त्याची बायको उंची कपडे गोळा करण्याच्या घाईत तान्ह्या मायकेलला मागे टाकून पळते. स्वयंपाकघरातली मोलकरीण ग्रुशा त्याला उचलते आणि डोंगर, हिमनदी, उपासमार, लोकनिंदा असे सगळे सोसून वाढवते. शांतता झाल्यावर मुलाच्या नावावरची मालमत्ता हवी म्हणून जन्मदात्री परत येते. आझ्दाक हा लाचखाऊ, दारुडा, पण गरिबांची बाजू घेणारा न्यायाधीश मुलाला वर्तुळात उभे करतो. ग्रुशा एकदा नव्हे, दोनदा हात सोडते. आझ्दाक मूल तिलाच देतो. शलमोनाच्या दरबारात माया हा रक्ताच्या नात्याचा पुरावा होता. येथे मायाच नाते ठरते आणि रक्त हरते. बायबलच्या कथेला हा उघड प्रतिवाद आहे, तरी त्या कथेची ओळख नसेल तर त्याची धार प्रेक्षकाला जाणवत नाही.

ब्रेख्टचे बायबलशी नाते वरवरचे नव्हते. शाळेत असताना, पंधराव्या वर्षी, आउग्सबुर्गमधील विद्यार्थ्यांच्या मासिकात त्याने छापलेल्या एकांकिकेचे नावच ‘बायबल’ होते (१९१४). पुढे १९२८ मध्ये आपल्यावर सर्वाधिक प्रभाव कोणत्या पुस्तकाचा, या प्रश्नावर या नास्तिक लेखकाने बायबलचेच नाव घेतले. प्रस्तुत नाटकातील कथा ईस्टरच्या रविवारी सुरू होते. शिपाई राजवंशातल्या बाळाच्या शोधात फिरतात, तेव्हा बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचे सैनिक आठवतात. मूल छातीशी धरून डोंगर ओलांडणारी ग्रुशा त्या बाळाला घेऊन मिसर देशाकडे निघालेल्या मरियेची आठवण करून देते.

मानसन्मानांच्या बाबतीत ब्रेख्टला सुरुवात चांगली लाभली. १९२२ मध्ये त्याला क्लाइस्ट पारितोषिक मिळाले. १९५४ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवात त्याच्या ‘बर्लिनर आन्सांबल’ या संस्थेच्या ‘मदर करेज’ला पहिले पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याने ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ स्वतः बसवले आणि पुढल्या वर्षी तेही पॅरिसला गेले.

खानोलकरांचा जन्म वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथला. हा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी, त्यांच्या निधनानंतर, झाला. कुडाळला त्यांच्या आईची खानावळ होती आणि तीही त्यांनी काही काळ सांभाळली. १९५९ मध्ये ते मुंबईला आले आणि आकाशवाणीत काम करू लागले. कविता त्यांनी ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिली. कुडाळ, वेंगुर्ले, मालवण या पट्ट्यात नाटक म्हणजे आधी दशावतार: जत्रेच्या रात्री देवळापुढे गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार, मग पौराणिक आख्यान. संहिता लिहिलेली नसते. एक बाकडे सिंहासन होते, तेच पर्वत होते. पखवाज, झांज आणि पायपेटीच्या साथीने पहाटेपर्यंत खेळ चालतो. गाऊन कथा पुढे नेणारा सूत्रधार आणि पात्रांनी थेट प्रेक्षकांशी बोलणे, ज्यांना युरोपात ब्रेख्टचे नवे तंत्र म्हटले गेले, त्या गोष्टी या किनाऱ्यावर जत्रेला जाणाऱ्या पोरालाही ठाऊक होत्या. खानोलकरांच्या हाती हे नाटक गेले ते यामुळेच योग्य वाटते. शिवाय त्यांची स्वतःची कथावस्तू सतत पाप, शाप, नियती आणि आईपण यांच्याभोवती फिरते. ‘रात्र काळी घागर काळी’, ‘कोंडुरा’, ‘चानी’ या कादंबऱ्यांतल्या स्त्रिया गावाच्या न्यायासनापुढे उभ्या असतात आणि तेथे शलमोन कोणी नसतो. अशा लेखकाला आझ्दाक परका वाटला नसेल.

ख्रिस्ती कथेलाही या किनाऱ्यावर जुनी वाट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी जुन्या आणि नव्या कराराची कथा ओव्यांत रचून १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. कोकणातीलच बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम, योसेफ यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने रचली. म्हणजे बायबलमधील आख्याने ओवी आणि कीर्तन या दोन्ही रूपांत येथे आधीच मुरली होती.

महाराष्ट्रात नाटककाराला नाव मिळवून देणारे मोठे व्यासपीठ म्हणजे १९५४ पासूनची राज्य नाट्यस्पर्धा. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये याच स्पर्धेसाठी उभे राहिले. खानोलकरांकडे मात्र लक्ष वेधले ते रंगायन या नाट्यसंस्थेने विजया मेहतांच्या दिग्दर्शनात केलेल्या ‘एक शून्य बाजीराव’ने (१९६६). त्यातली माधव वाटवे यांची प्रमुख भूमिका आजही सांगितली जाते. पुढे ‘सगेसोयरे’, ‘अवध्य’ ही नाटके आली. ‘अजब न्याय…’च्या दिग्दर्शिका मेहता यांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तर खानोलकरांना तोच नाट्यलेखनासाठी १९७६ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, ते गेले. साहित्य अकादमीचा १९७८ चा मरणोत्तर पुरस्कार मिळाला तो ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला.

पारितोषिके मूळ संहितेला मान देतात आणि रूपांतराला दुय्यम समजतात, ही रीत मराठीत खोल रुजली आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीने करुणा केली’ किंवा पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ ही ब्रेख्टची इतर मराठी रूपेही याच तराजूत तोलली गेली. ‘अजब न्याय…’ मात्र मुळातच रूपांतराच्या साखळीतली कडी आहे. ब्रेख्टने क्लाबुंडचे, क्लाबुंडने चिनी नाटककाराचे वर्तुळ घेतले होते, आणि त्यातल्या कोणाचेही श्रेय त्यामुळे कमी झालेले नाही. खानोलकरांच्या नाट्यलेखनाच्या यादीत ते ‘एक शून्य बाजीराव’च्या शेजारी, त्याच मानाने धरणे योग्य.