टाकील तो भरील

माहजाँग आपल्याला येतं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मोबाईलवर सोंगट्यांचा ढीग दिसतो. त्यातल्या सारख्या दोन हुडकून टिचकी मारली की त्या गुप्त होतात. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने मी हा पराक्रम करीत असे. पुढे कळलं की हे माहजाँग नव्हेच! हा नुसता सोंगट्या आवरण्याचा उद्योग, आणि तो संगणकावर जन्मला १९८१ साली.

खरा खेळ चौघांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो चीनमध्ये आकाराला आला. सोंगट्या १४४, त्यांतल्या ८ फुलांच्या आणि ऋतूंच्या, म्हणजे निव्वळ बोनस. प्रत्येकाच्या हाती १३. एक उचलायची, एक टाकायची, आणि चार तिकड्या व एक जोडी जुळवायची. आपली रमीच म्हणा ना! पण मला जिव्हाळा वाटला तो सोंगट्यांवरच्या खुणांमुळे. एका प्रकारावर नाणी, दुसऱ्यावर दोरीत ओवलेल्या नाण्यांच्या माळा (यांनाच पुढे लोक बांबू म्हणू लागले), तिसऱ्यावर ‘दहा हजार’ हे अक्षर. म्हणजे सुटे, बंडल आणि मोठी रक्कम! आम्ही दिवसभर पगार घेऊन जे करतो ते चिनी लोक करमणूक म्हणून करीत, हे ऐकून आमचे हेड कॅशियर बराच वेळ गप्प होते.

या खेळातला नवशिका जगात सगळीकडे सारखाच. त्याचे डोळे स्वतःच्या तेरा सोंगट्यांवर खिळलेले असतात. पुढचे प्रकार मात्र देशोदेशीच्या नियमांनी घडवले. जुन्या चिनी पद्धतीत नको असलेली सोंगटी मध्ये कशीही भिरकावत, आणि जिंकणाऱ्याला तिघंही पैसे देत. ती कोणी टाकली याची सहसा चौकशी नाही. साहजिकच खेळ बेधडक.

१९२० साली जोसेफ बॅबकॉक या स्टँडर्ड ऑइलच्या नोकराने सोपे नियम छापले आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेला वेड लागलं. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी नॅशनल माहजाँग लीग काढली. ही लीग दरवर्षी नवं कार्ड काढते आणि त्यावर छापलेलेच हात जिंकतात. गेल्या वर्षीचा उस्ताद यंदा पुन्हा उमेदवार! आमच्याकडे याला परिपत्रक म्हणतात.

खरी गंमत केली जपान्यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळ तिकडे गेला आणि हळूहळू दोन नियम पक्के झाले. टाकलेल्या सोंगट्या आपापल्या पुढ्यात क्रमाने, सहा-सहाच्या ओळीत मांडायच्या. आणि ज्याच्या टाकलेल्या सोंगटीवर दुसऱ्याचा डाव लागला, त्याने एकट्याने सगळी रक्कम भरायची. झालं! टाकणं हे उचलण्यापेक्षा महत्त्वाचं ठरलं. समोरच्या ओळी पासबुकासारख्या वाचणारा, तो दुसऱ्या पायरीचा खेळाडू. आणि धोका ओळखून स्वतःचा जमत आलेला हात मोडणारा, तो तिसऱ्या पायरीचा.

हा नियम मला कोणी समजावून सांगायला नको. नोकरीच्या पहिल्याच वर्षी संध्याकाळी माझी कॅश पाचशेने कमी भरली. भुर्दंड अर्थात मलाच. “तुमचं लक्ष तुमच्या गठ्ठ्यावर,” हेड कॅशियर म्हणाले होते, “समोरच्या माणसाकडे कोण बघणार?” मी पहिल्या पायरीवर होतो, हे मला आज कळतंय.

जपानमध्ये २००६ साली ‘तेनहो’ नावाचं इंटरनेटवरचं माहजाँग सुरू झालं. तिथल्या वरच्या पायऱ्यांना ‘दान’ म्हणतात. आपल्याकडे दान पडावं लागतं, तिथे ते मिळवावं लागतं. तिसरा आलात तर शून्य, चौथा आलात की वजावट. म्हणून मोठमोठे खेळाडू आधी चौथा न येण्याची काळजी घेतात. मायक्रोसॉफ्टचा ‘सुफेक्स’ नावाचा प्रोग्रॅम २०१९ साली तिथे दहाव्या दानापर्यंत पोचला. कॅश मोजायला यंत्र आलंच होतं. आता करमणुकीलाही आलं.

काही वर्षांपूर्वी माझा हात जमत आला होता. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. अधिकारी व्हायला एक होकार काय तो उरला होता. पण बढतीच्या पाठोपाठ बदली येते, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले. मी नकार लिहून दिला. “भित्रा आहेस,” असं मित्र म्हणाले. वडील काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हल्ली मी रात्री मोबाईलवर खरं, चौघांचं माहजाँग खेळतो आणि बहुतेक वेळा चौथा येतो. समोर धोका दिसत असतो, पण जमत आलेला हात काही केल्या मोडवत नाही. एकदा मोडला, तेवढा पुरे झाला.