मुरगांवच्या धक्क्यावरचा मध्यस्थ

संगणक येण्यापूर्वी गोव्यातील मुरगांव बंदरालगतच्या वास्कोच्या जहाजी एजंटाला एकाच जहाजाची हकीकत बंदर-प्रशासन, जकात खाते, मालधनी आणि बँक अशा निरनिराळ्या दप्तरांसाठी निरनिराळ्या नमुन्यांवर पुनःपुन्हा लिहून द्यावी लागे. आणि दुसऱ्याच्या सोयीसाठी आपली नोंदवही बदलण्यास कोणतेच खाते राजी नसल्यामुळे जो कारकून फाइल काखेत मारून या कचेरीतून त्या कचेरीत हिंडे, तोच माझ्या मते आजच्या ‘मिडलवेअर’चा मूळपुरुष होय.

या घराण्याचे नाव रुजू झाले ते ऑक्टोबर १९६८ मध्ये, बव्हेरियातील गार्मिश येथे नाटोच्या आश्रयाखाली भरलेल्या सॉफ्टवेअर परिषदेत. यंत्रनिर्मात्याने दिलेली फाइलव्यवस्था गिऱ्हाइकाच्या कामाला नेमकी कधीच बसत नाही, अशी तेथे सॉफ्टवेअर-व्यावसायिक अलेक्झांडर द’अगापेयेफ यांची तक्रार होती, आणि म्हणून मूळ प्रणाली व प्रत्यक्ष कामकाज यांच्या मध्ये त्यांनी आपल्या आकृतीत ‘मिडलवेअर’ हा थर दाखविला. याच जातीच्या प्रणालींपैकी पुढील वर्षी आयबीएमची सीआयसीएस आली, १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळांत टक्सीडो जन्मली, आणि १९९३ च्या एमक्यू या निरोपव्यवस्थेने पलीकडची कचेरी बंद असली तरी निरोप रांगेत सुरक्षित ठेवण्याची सोय केली. दहा प्रणाली परस्परांशी थेट जोडावयाच्या तर पंचेचाळीस दुवे लागतात. मध्यस्थ असल्यास दहा पुरतात.

परंतु दुवा जोडणे हे काम सोपेच म्हणावयाचे. खरी कसोटी आकड्यामागचा अर्थ सांभाळण्याची. उदाहरणार्थ, डिचोलीच्या खाणीतील लोहखनिज ट्रकने मांडवी नदीच्या धक्क्यावर आणि तेथून बार्जने मुरगांवला येई. जहाज पाण्यात किती बुडाले यावरून, म्हणजे ड्राफ्ट सर्व्हेने, जे वजन निघते ते ओल्या मालाचे, आणि खरेदीदार मात्र बहुधा सुक्या टनाचा भाव देतो. म्हणजे समजा पन्नास हजार टन माल चढला व त्यात आठ टक्के ओल असली, तर पैसे सेहेचाळीस हजार टनांचेच मिळावयाचे. जहाजाच्या व खरेदीदाराच्या अशा दोन्ही दप्तरांत रकान्याचे नाव ‘वजन’ असे एकच असल्यावर, केवळ आकडा उचलून पलीकडे टाकणारा मध्यस्थ चार हजार टनांचा घोटाळा अत्यंत बिनचूकपणे करील! जहाजाच्या नावाचेही तसेच. मालक पालटला की नाव अनेकदा पालटते, म्हणून सात अंकी आयएमओ क्रमांकच प्रमाण मानावा लागतो.

अशी एकवाक्यता यावी म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारी संदेशांना एडिफॅक्ट या प्रमाणाचा सांगाडा १९८७ मध्ये मिळाला होता. भारतीय बंदर संघाने प्रमुख बंदरांसाठी सामाईक संदेशव्यवस्था २००७ मध्ये उभी केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या तिच्या पीसीएस-वन-एक्स या नव्या आवृत्तीने इतरांची सॉफ्टवेअरे आहेत तशी जोडून घेण्याची मुभा दिली. तिच्या जागी जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स पोर्टलची सागरी शाखा आली.

आहे ते न मोडता जोडून घेण्याची ही मुभा, म्हणजेच लवचिकता, किती मोलाची ते मुरगांवकरांना सांगावयास नको. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, खनिजाची निर्यात आटली आणि बंदराला आयात कोळशासारख्या मालावर अधिक विसंबावे लागले. निर्यातीच्या शिपिंग बिलाऐवजी आयातीचे बिल ऑफ एंट्री महत्त्वाचे ठरले. अशा वेळी मधल्या थरातील भाषांतराचे नियम तेवढे पालटले की निभावते. जकातीच्या वा बँकेच्या मूळ दप्तराला हात लावावा लागत नाही.