इंग्रजीचा गृहपाठ : कादंबरीतली माणसे आणि मुलांचे निबंध



गणिताचा गृहपाठ असला की आपण आई-बाबा बाह्या सरसावून बसतो. पण मूल सातवी-आठवीत गेले की इंग्रजीच्या वर्गातून कादंबरी घरी येते. मग "अमुक पात्राच्या स्वभावावर निबंध लिहा" हे वाचून आपली पंचाईत होते. आम्ही दोघेही इंजिनिअर. "संदर्भासहित स्पष्टीकरण द्या" याची उत्तरे गाईडमधून पाठ करून पास झालेलो. मुलीच्या निमित्ताने जे शिकलो ते इतर पालकांना उपयोगी पडावे म्हणून इथे देत आहोत.

शाळेला काय हवे असते?

२०१० साली 'कॉमन कोअर' हा अभ्यासक्रमाचा आराखडा आला आणि बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. पुढे काही राज्यांनी तो बदलला किंवा सोडला, पण इंग्रजीच्या वर्गात एक अपेक्षा सगळीकडे दिसते: जे म्हणाल त्याला पुस्तकातला पुरावा द्या. गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे निबंध नव्हे. आपल्या मुलांचे गुण बहुधा इथेच जातात.

पात्र कसे ओळखायचे?

मुलांना पाच गोष्टी शोधायला सांगा:

१. ते पात्र काय बोलते?
२. काय विचार करते?
३. इतरांवर त्याचा काय परिणाम होतो?
४. प्रत्यक्षात काय करते?
५. कसे दिसते, कसे वागते-वावरते?

बोलणे आणि करणे यांत फरक दिसला तर तिथे खूण करून ठेवा. चांगला निबंध बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

शिक्षक 'फ्लॅट' आणि 'राउंड' पात्रे असेही म्हणतात. हे शब्द ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या पुस्तकात रूढ केले. (हेच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या पवार महाराजांचे खाजगी सचिव होते!) एकाच गुणावर उभे असलेले पात्र 'फ्लॅट'. ज्याला अनेक बाजू असतात आणि जे आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते ते 'राउंड'.

एक उदाहरण

हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) अनेक शाळांत असते. वकील ॲटिकस फिंचवर परिच्छेद लिहायचा आहे असे धरू.

दावा: ॲटिकसचे धैर्य शस्त्रावर अवलंबून नाही.
पुरावा: टॉम रॉबिन्सनला मारायला जमाव येणार हे माहीत असूनही तो रात्री तुरुंगाच्या दाराशी दिवा लावून वर्तमानपत्र वाचत बसतो.
स्पष्टीकरण: तो गावातला उत्तम नेमबाज आहे हे वाचकाला आधीच कळलेले असते. तरी त्या रात्री तो बंदूक आणत नाही. म्हणजे हा त्याने विचारपूर्वक केलेला निवाडा आहे.

स्पष्टीकरण पुराव्यापेक्षा मोठे असावे. सुरुवातीच्या परिच्छेदात मुख्य मुद्दा, म्हणजे 'थीसिस', एका वाक्यात यावा. पुस्तकातल्या घटना वर्तमानकाळात लिहायच्या. अवतरण दिले तर एमएलए पद्धतीत कंसात लेखकाचे आडनाव आणि पान क्रमांक, मध्ये स्वल्पविराम नाही.

आमची चूक

आमच्या मुलीचा पहिला निबंध आम्ही रात्री बसून 'सुधारला'. जड शब्द घातले, वाक्ये लांबवली. शेरा आला: यात तुझे स्वतःचे मत कुठे आहे? तिने तो कागद आमच्यासमोर ठेवला आणि नंतर कित्येक महिने एकही निबंध आम्हाला दाखवला नाही. गुण गेले त्याचे काही नाही, पण तिचा आमच्यावरचा विश्वास गेला. आयते लिहून देणारे चॅटजीपीटीसारखे प्रोग्राम आता हाताशी आहेत, त्यांचेही हेच. काही शाळा तर ती सरळ नक्कल धरतात.

हल्ली आम्ही पेन हातात घेत नाही. फक्त दोनच प्रश्न विचारतो: "तुला असं का वाटलं?" आणि "पुस्तकात ते कुठे दिसलं?"

मराठीचाही उपयोग होतो

एका रविवारी पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला अंतू बर्वा मुलांना वाचून दाखवा. मग विचारा, हा माणूस इतका तिरकस का बोलतो? आमच्या मुलीने क्षणभर विचार करून सांगितले, "बाबा, तो एकटा आहे ना." दावा मिळाला होता. पुरावा शोधायला तिने पुस्तक स्वतःच ओढून घेतले. मराठी वाचता येत नाही म्हणून आजीला फोन लावला, आणि त्या दोघींचे बोलणे तासभर चालले.

तर मंडळी, शुद्धलेखन संगणक तपासेल. आपण फक्त प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. अनुभवाने सांगतो, दुसरे काम जास्त अवघड आहे!