मोडून जोडलेले धनुष्य

सीतास्वयंवराची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रामाने धनुष्य वाकवले, ते कडाडून मध्यावर मोडले आणि जनकाची सभा थक्क झाली. पुढे त्या दोन तुकड्यांचे काय झाले, हे मात्र विचारावेसे कुणाला वाटले नाही. परशुराम संतापून आला तोही धनुष्य मोडल्याचा जाब विचारायला. सांधून द्या, असे काही तो म्हणाला नाही. मोडलेले धनुष्य ते मोडले, त्याची पुढे कथा नाही, अशीच सर्वांची समजूत.

ती समजूत वावगी नव्हती. धनुष्याचा सारा जीव त्याच्या अखंडपणात. दोरी ओढली की त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. या ओढाताणीत कुठे सांधा असला तर घात तिथेच व्हायचा. आणि तरीही आज ऑलिंपिकच्या मैदानावर तिरंदाज आपल्या पेटीतून जे काढतो ते तीन सुटे तुकडे असतात. मधली धातूची मूठ आणि वरखाली बसवायची दोन लवचीक पाती. मूठ हाती धरायची, पाती खटकन बसवायची, दोरी चढवायची की धनुष्य तयार. पाती बसवायला पान्याचीही गरज लागत नाही.

मूळ युक्ती तशी जुनीच. धनुष्य वाकते ते दोन्ही अंगांना. मुठीपाशी ते जाड आणि ताठ असते, तिथे वाकत नाही. तोडायचेच तर तिथे तोडावे. हे आपल्या इकडच्या कारागिरांना फार पूर्वी उमगले होते. मोगल काळातली पोलादी धनुष्ये संग्रहालयांतून पाहायला मिळतात. काहींवर सोन्याची कोफ्तगारी इतकी नाजूक असते की हे शस्त्र आहे याचा विसर पडावा. त्यांतली काही नीट पाहिली तर मुठीच्या मधोमध एक बारीक रेघ दिसते. तिथे मळसूत्र आहे! पिळून धनुष्याचे दोन तुकडे करावेत, गुंडाळून ठेवावेत, वेळ आली की पुन्हा पिळून एक करावेत. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेले धनुष्य मारा उत्तम करी, पण दमट हवेत त्याचा सरस दगा देई. पोलाद निदान शस्त्रागारात पडून तरी राही. इंग्लंडातही एकोणिसाव्या शतकात हौशी मंडळी घोडागाडीतून सामन्यांना जात, तेव्हा माणसाएवढे उंच धनुष्य गाडीत आडवे कसे घालायचे हा प्रश्न होताच. त्यासाठी मुठीत धातूची नळी बसवून दोन तुकड्यांची ‘गाडीतली धनुष्ये’ निघाली.

पण ही सारी सोय प्रवासाची. वरचा तुकडा जन्मभर त्याच खालच्या तुकड्याचा जोडीदार. शेजारच्या धनुष्याचा तुकडा त्याला चालायचा नाही, कारण प्रत्येक सांधा कारागिराने त्याच जोडीसाठी घासून बसवलेला. उघडता येणे ही एक गोष्ट आणि बदलता येणे ही अगदी दुसरी. पहिलीपासून दुसरीपर्यंत पोचायला विसाव्या शतकाची सत्तरी उजाडावी लागली.

त्याआधीची दोन-तीन दशके लाकडावर काचतंतूंचे थर चिकटवलेल्या एकसंध धनुष्यांची होती. त्यांची टोके पुढे वळलेली असत, त्या प्रकाराला ‘रिकर्व्ह’ म्हणतात. दिसायला देखणी, माऱ्याला चलाख. पण एका पात्याला पीळ पडला किंवा थर सुटला की सगळेच मोडीत. अंगात जोर वाढला, जास्त ताणाचे धनुष्य हवे झाले, तरी नवे घेणे आलेच. हाताच्या सवयीची झालेली मूठ तिच्याबरोबर जाई, याचे दुःख नेमबाजालाच कळावे.

अमेरिकेत दोघांनी या दुखण्यावर उपाय काढला. मिशिगनमधले शिकारी आणि कारखानदार फ्रेड बेअर यांनी १९७० च्या सुमारास कुलपासारख्या खटक्याने बसणाऱ्या पात्यांचे धनुष्य बाजारात आणले. त्यांत गंमत अशी, की ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन लांबींच्या मुठी आणि तीन लांबींची पाती. कोणतेही पाते कोणत्याही मुठीला बसे. ‘ए’ला जोडली तर धनुष्य छप्पन्न, अठ्ठावन्न किंवा साठ इंचांचे, ‘बी’ला जोडली तर साठ, बासष्ट किंवा चौसष्ट. मात्र हे सारे गोत एकाच कारखान्याचे.

दुसरे अर्ल हॉइट. १९३१ साली सेंट लुई शहरात वडिलांच्या साथीने त्यांनी धनुष्यबाणांचा व्यवसाय सुरू केला होता. १९२० नंतर ऑलिंपिकमधून हद्दपार झालेली तिरंदाजी १९७२ साली म्यूनिकला परतली, त्याच सुमारास त्यांच्या कारखान्याने धातूच्या मुठीचे सुटे धनुष्य काढले. पुढे १९८३ च्या आसपास त्यांच्या नावाच्या धनुष्यात जो सांधा आला, तो मला या गोष्टीचा खरा नायक वाटतो. पात्याच्या बुडाला इंग्रजी ‘यू’सारखी खाच. ती मुठीतल्या बोल्टच्या रुंद डोक्याखाली सरकते. खाचेच्या किंचित पुढे पात्याच्या अंगावर एक छोटा धातूचा ठोकळा असतो, तो मुठीतल्या खोबणीत सरकून स्प्रिंगच्या खटक्याने अडकतो. बस्स. स्प्रिंगचे काम फक्त दोरी चढेपर्यंत पाते पडू न देण्याचे. दोरी चढली की तिच्या ओढीनेच पात्याचे बूड बोल्टच्या डोक्याला दाबून बसते. जो ताण सांध्याचा वैरी समजला जात होता, तोच आता त्याचा पहारेकरी झाला! शिवाय बोल्ट थोडा आत-बाहेर फिरवला की पात्याचा कल बदलतो, आणि त्याच पात्यांतून ताण सुमारे दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो.

हा सांधा दुसऱ्या कारखान्यांनीही उचलला. त्याच मापाची खोबण, त्याच मापाचा ठोकळा. कुठल्या जागतिक संस्थेने ठराव केला नाही, कुणी मापांचा ग्रंथ छापला नाही. तरी एका देशातली मूठ आणि दुसऱ्या देशातली पाती एकमेकांना बसू लागली. त्या सांध्याला ‘इंटरनॅशनल लिंब फिटिंग’, थोडक्यात आय. एल. एफ., असे नाव पडले. अलिखित करारात कुरबुरी असायच्याच. एकाची खोबण केसभर सैल, दुसऱ्याचा ठोकळा केसभर जाड. मुठीपाशी केसभर तिरकेपणा असला तर हातभर दूरच्या टोकाशी तो चांगलाच डोळ्यांत भरतो आणि दोरी पात्याच्या मध्यावरून जात नाही. मग पातळ चकत्या घालून ते सरळ करीत बसावे लागते. २००९ च्या सुमारास तर हॉइट कारखान्यानेच बोल्ट आणि खोबण यांतले अंतर वाढवून ‘फॉर्म्युला’ नावाचा नवा सांधा काढला. ज्या घरातून सोयरीक जगभर पसरली, त्याच घराने वेगळी चूल मांडली म्हणायची! जुना सांधाही त्यांनी सोडला नाही, हे खरे.

आपल्याकडे याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. भारतातली पुष्कळ मुले आरंभी बांबूच्या धनुष्यावर शिकतात. त्यासाठी ‘इंडियन राउंड’ हा स्पर्धांचा स्वतंत्र प्रकारच आहे. पुढे रिकर्व्हकडे वळताना खर्चाचा डोंगर समोर येतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांच्या घरातून २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिक मैदानावर रिकर्व्ह घेऊन उभा राहिला, तेव्हा त्या वाटेची चढण किती असेल याचा अंदाज यावा. वाढत्या मुलाला मूठ एकदाच घेता येते आणि जोर वाढेल तशी नुसती पाती बदलता येतात, ही त्या चढणीवरची एक पायरी. उतरवलेली पाती मागून येणाऱ्या धाकट्याच्या मुठीला बसतात.

लाँगबोवाल्यांनीही आता हाच सांधा उचलला आहे. लाकडी मुठीत धातूची खोबण बसवायची. मन झाले तर सरळसर लाँगबोची पाती, नाही तर वळलेल्या टोकांची. जुन्या वळणाच्या मंडळींना हे भ्रष्टाचारासारखे वाटते. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लाकडात लोखंड दिसले की माझाही हात क्षणभर अडखळतो.

एवढे मात्र नवशिक्याने ध्यानात ठेवावे. पात्यावर लांबी आणि पौंड छापलेले असतात, ते बहुधा पंचवीस इंची मूठ धरून. तीच पाती सतरा इंची मुठीला लावली तर धनुष्य आखूड होते, पाती अधिक वाकतात आणि छापलेल्या आकड्यापेक्षा हाताला कितीतरी जड लागतात. म्हणून दुसऱ्याची पाती आपल्या मुठीला लावण्याआधी ती कोणत्या मुठीवर मोजलेली आहेत, ते विचारून घ्यावे.