स्टारलिंक मक्याचे प्रकरण : अन्नपरीक्षा आणि सुरक्षिततेचा प्रश्न

जनुक-परिवर्तित अन्नाविषयी गेली काही दशके जगभर जो वाद चालला आहे, त्यात दोन भिन्न प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळलेले आढळतात. एखाद्या खाद्यपदार्थात बाहेरून घातलेले जनुक आहे किंवा नाही, हा पहिला प्रश्न होय. ते असल्यास त्यापासून खाणाऱ्याच्या प्रकृतीस अपाय होण्याचा संभव आहे किंवा नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा पुष्कळ अंशी निश्चितपणे देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर पुराव्याच्या निराळ्या प्रकारावर अवलंबून असते व ते सहसा संभाव्यतेच्या भाषेतच द्यावे लागते. या दोहोंतील अंतर आणि ते विसरल्याने होणारे परिणाम समजून घेण्यास २००० साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्भवलेले स्टारलिंक मक्याचे प्रकरण विशेष उपयुक्त आहे.

१. द्विभाजित परवाना

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जीवाणू काही विशिष्ट प्रथिने निर्माण करतो. ही प्रथिने ठराविक जातींच्या किड्यांच्या आतड्यास मारक ठरतात. या जीवाणूची फवारणी कीटकनाशक म्हणून विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होती. पुढे त्याची जनुके प्रत्यक्ष पिकात घालण्याचे तंत्र साध्य झाले आणि १९९६ पासून असा मका अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर पिकू लागला. स्टारलिंक हे याच वर्गातील एक वाण होते. बेल्जियममधील प्लांट जेनेटिक सिस्टिम्स या संस्थेने ते विकसित केले. त्या संस्थेचे स्वामित्व प्रथम ॲग्रेव्होकडे आणि नंतर ॲव्हेंटिस क्रॉपसायन्सकडे गेले.

या वाणातील क्राय-९-सी नावाचे प्रथिन इतर मान्यताप्राप्त वाणांतील प्रथिनांहून दोन बाबतींत वेगळे होते. उष्णतेने ते सहजासहजी विघटित होत नसे, आणि जठररसाच्या कृत्रिम द्रावणात ते दीर्घकाळ टिकून राही. ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या कित्येक अन्नप्रथिनांत हे दोन्ही गुण आढळतात. अर्थात, हे गुण असलेले प्रत्येक प्रथिन ॲलर्जीकारक असतेच असे नाही. म्हणजे येथे प्रत्यक्ष दोष सिद्ध झालेला नव्हता, संशयास मात्र जागा होती.

या संशयावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ साली एक मध्यम मार्ग काढला. पिकातच निर्माण होणारे कीटकनाशक म्हणून हे प्रथिन त्या संस्थेच्या अधिकारकक्षेत येत होते. स्टारलिंक मका पशुखाद्यासाठी व औद्योगिक उपयोगासाठी पिकविण्यास तिने परवानगी दिली; मानवी आहारात त्याचा उपयोग करण्यास मात्र दिली नाही. शेजारच्या मक्यावर परागण होऊ नये म्हणून शेताभोवती ६६० फुटांचा पट्टा राखावा आणि पीक वेगळे साठवावे, अशा अटी घालण्यात आल्या.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसत होती. परंतु अमेरिकेतील मक्याचा व्यापार ज्या पद्धतीने चाले, तिच्याशी तिचा मेळ बसण्यासारखा नव्हता. गावोगावीच्या कोठारांत अनेक शेतकऱ्यांचा मका एकत्र पडे व तेथून तो पशुखाद्याच्या गिरणीत जाईल की मानवी खाद्याच्या, हे पुढील खरेदीदार ठरवी. अनेक शेतकऱ्यांनी तर अशा अटींची कल्पनाच आपणास नव्हती, असे नंतर सांगितले. मक्याचे परागण वाऱ्याने होते, हीही गोष्ट विचारात घ्यावी लागते. २००० साली स्टारलिंकखालील क्षेत्र सुमारे साडेतीन लाख एकर होते. देशातील एकूण मक्याच्या क्षेत्राशी त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. तथापि एवढासा अंश संपूर्ण धान्यप्रवाहात मिसळण्यास पुरेसा ठरला.

२. शोध आणि त्याची साधने

हे मिश्रण शासकीय यंत्रणेने शोधून काढले नाही. जनुक-परिवर्तित अन्नाच्या विरोधात चळवळ करणाऱ्या संघटनांच्या एका आघाडीने दुकानातून मक्याचे पदार्थ विकत घेऊन ते आयोवा राज्यातील फेअरफील्ड येथील जेनेटिक आयडी या प्रयोगशाळेकडे पाठविले. त्यांपैकी टॅको बेल या नावाने विकल्या जाणाऱ्या कुरकुरीत मका-पोळ्यांत स्टारलिंकचे जनुक आढळले. १८ सप्टेंबर २००० रोजी हे वृत्त प्रसिद्ध झाले. क्राफ्ट कंपनीने करवून घेतलेल्या तपासणीतही तोच निष्कर्ष निघाला, आणि २२ सप्टेंबर रोजी तिने हा माल बाजारातून परत मागविला. त्यानंतर अनेक उत्पादकांवर हीच पाळी आली. परत मागविलेल्या पदार्थांची संख्या तीनशेच्या घरात गेली. ऑक्टोबरमध्ये ॲव्हेंटिसने आपला परवाना स्वतःहून सोडून दिला.

येथे परीक्षेच्या पद्धतींचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण पुढील वादाचे मूळ त्यातच आहे. जनुक-परिवर्तन ओळखण्याचे दोन मार्ग आहेत : एक, त्या जनुकाने निर्माण केलेले प्रथिन शोधणे, आणि दुसरा, प्रत्यक्ष जनुकाचा म्हणजे डीएनएचा तुकडा शोधणे.

प्रथिन शोधण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करतात. कोठारावर वापरावयाची कागदी पट्टी याच तत्त्वावर चालते. मका दळून पाण्यात कालवावा, त्यात पट्टी बुडवावी, आणि काही मिनिटांत रेघ उमटते किंवा नाही ते पाहावे, एवढीच कृती असते. ही पद्धत स्वस्त व जलद आहे. परंतु मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून, दळून व तळून जो पदार्थ तयार होतो, त्यातील प्रथिनाचे मूळ स्वरूप बदलते. प्रतिपिंड मग ते ओळखू शकत नाहीत.

पीसीआर या नावाने प्रसिद्ध असलेली दुसरी पद्धत डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या प्रती काढीत जाते. प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या सुमारे दुप्पट होते. तात्त्विकदृष्ट्या तीस आवर्तनांत एका तुकड्यापासून शंभर कोटींहून अधिक प्रती मिळतात. म्हणूनच शिजविलेल्या पदार्थात अवशिष्ट राहिलेले अल्पस्वल्प तुकडेही तिच्या कक्षेत येतात. मका-पोळ्यांत जे सापडले ते जनुक होते. ज्याविषयी ॲलर्जीचा संशय होता ते प्रथिन नव्हे. सर्वसाधारण चर्चेत हा भेद फारसा लक्षात घेतला गेला नाही.

दुसरी मर्यादा नमुन्याची. अमेरिकेच्या कृषिखात्याने सुचविलेल्या पद्धतीत एका खेपेतून २,४०० दाणे घेऊन ते ८०० दाण्यांच्या तीन भागांत तपासावयाचे होते. एखाद्या खेपेत दर ५०० दाण्यांमागे एक दाणा स्टारलिंकचा असेल, तर ही पद्धत शंभरांपैकी नव्याण्णव वेळा तो उघडकीस आणील, हे साध्या संभाव्यतागणिताने दाखविता येते. परंतु हेच प्रमाण १०,००० दाण्यांत एक असे असेल, तर शोध लागण्याची संभाव्यता सुमारे २१ टक्केच राहते; पाचांपैकी जवळजवळ चार वेळा ती खेप निर्दोष म्हणून पुढे जाईल. ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, तो ‘अमुक मर्यादेहून अधिक असण्याचा संभव थोडा’ एवढाच होतो. कायद्याने मात्र मानवी अन्नातील क्राय-९-सीचे अनुज्ञेय प्रमाण शून्य ठरविले होते, आणि शून्य सिद्ध करू शकेल अशी नमुना-परीक्षा अस्तित्वात नाही.

३. अपायाची परीक्षा

वृत्त प्रसिद्ध झाल्यानंतर मक्याचे पदार्थ खाऊन त्रास झाल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे येऊ लागल्या. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राने त्यांची छाननी केली व २८ व्यक्तींची लक्षणे ॲलर्जीशी सुसंगत असल्याचे ठरविले. रक्ताचे नमुने देण्यास जे तयार झाले, त्यांच्या रक्तजलात क्राय-९-सीविरुद्ध प्रतिपिंडे आहेत काय, हे तपासण्यात आले. जून २००१ मधील अहवालाप्रमाणे तशी प्रतिपिंडे आढळली नाहीत.

एवढ्यावर वाद मिटावयास हवा होता, असे वरवर पाहता वाटेल. पण तो मिटला नाही, आणि त्याचे कारण शास्त्रीय होते. काही वर्षांपूर्वीच्या एका उदाहरणाशी तुलना केल्यास ते स्पष्ट होते. सोयाबीनची पौष्टिकता वाढविण्यासाठी पायोनियर या बियाणे कंपनीने त्यात ब्राझील नट या कठीण कवचाच्या फळातील एका प्रथिनाचे जनुक घातले होते. या फळाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींचे रक्तजल उपलब्ध होते. त्याच्या साहाय्याने तपासणी केली असता ॲलर्जीकारक गुण सोयाबीनमध्ये उतरल्याचे दिसून आले, व ते वाण बाजारात येण्यापूर्वीच सोडून देण्यात आले. हे संशोधन १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथे परीक्षा यशस्वी झाली, कारण तुलनेसाठी निश्चितपणे ॲलर्जी असलेल्या माणसाचे रक्तजल हाताशी होते.

क्राय-९-सी मानवी आहारात नवीन असल्यामुळे त्याची ॲलर्जी निश्चितपणे सिद्ध झालेली एकही व्यक्ती ज्ञात नव्हती. साहजिकच परीक्षेची संवेदनक्षमता पडताळून पाहण्यास मानवी रक्तजलाचा आधार नव्हता. शिवाय परीक्षेसाठी वापरलेले प्रथिन मक्यातून काढलेले नव्हते, ते जीवाणूत तयार केलेले होते. मक्याच्या पेशीत निर्माण झालेले प्रथिन त्याच्याशी सर्वस्वी समान असेलच, याची हमी कोण देणार? पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रीय सल्लागार समितीने जुलै २००१ मध्ये याच त्रुटींवर बोट ठेवले.

हीच समिती त्यापूर्वी, २००० च्या अखेरीस, दोन भागांत मत देऊन चुकली होती. क्राय-९-सी हे ॲलर्जीकारक असण्याची संभाव्यता मध्यम आहे. परंतु आहारातील त्याचे अत्यल्प प्रमाण पाहता लोकांना प्रत्यक्ष ॲलर्जी जडण्याची संभाव्यता कमी आहे, असे ते मत होते. ॲव्हेंटिसने दर अब्ज भागांत २० भाग एवढी मर्यादा मान्य करावी असा अर्ज केला होता. अशी कोणतीही मर्यादा निश्चित करण्याइतका पुरावा नाही, असे समितीने जुलै २००१ मध्ये सांगितले, व शून्याची मर्यादा कायम राहिली. मक्यामुळे आपणास त्रास झाला असे म्हणणाऱ्या एका व्यक्तीवर पुढे नियंत्रित प्रयोग करण्यात आला. त्यात देणाऱ्यास वा घेणाऱ्यास कोणता पदार्थ कोणता याची माहिती नव्हती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष नकारात्मक होता. मात्र तो एका व्यक्तीपुरता होता, हे विसरता येत नाही.

४. दोन्ही पक्षांचे तर्कदोष

या प्रकरणाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने लावला. विरोधकांच्या दृष्टीने मका-पोळ्यांत जनुक सापडणे हाच धोक्याचा पुरावा होता. पण जनुकाचे अस्तित्व म्हणजे अपाय नव्हे. समर्थकांनी रोगनियंत्रण केंद्राचा अहवाल हे निरुपद्रवीपणाचे प्रमाणपत्र मानले. पण जिची कसोटी पुरती पारखलेली नाही अशा परीक्षेचा नकार हा निर्णायक नकार नव्हे. एका पक्षाने पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला दुसऱ्याचे उत्तर मानले. दुसऱ्याने अपुऱ्या उत्तरास पूर्ण मानले.

या गल्लतीची किंमत प्रत्यक्ष व्यवहारात मोजावी लागली. ज्यांनी हे वाण कधीच पेरले नव्हते अशा शेतकऱ्यांच्या मक्यावरही संशय आला. जपानमध्ये स्टारलिंक आढळल्यानंतर निर्यात घटली. २००३ साली शेतकऱ्यांच्या दाव्यात ११ कोटी डॉलरची तडजोड झाली. धान्याची तपासणी वर्षानुवर्षे चालू राहिली, आणि स्टारलिंक धान्यप्रवाहातून जवळजवळ नाहीसे झाल्यावर २००८ मध्ये तपासणीची शिफारस मागे घेण्यात आली. शासनाने घेतलेला सर्वांत टिकाऊ धडा मात्र परीक्षेविषयी नव्हता, परवान्याविषयी होता. पशूंस चालेल पण माणसास नको, असा द्विभाजित परवाना यापुढे विचारात घेतला जाणार नाही, असे पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ सालीच जाहीर केले.

५. भारतीय संदर्भ

हाच प्रश्न भारतात निराळ्या रूपाने पुढे आला. जालना येथील महिको कंपनीच्या बीटी वांग्यास जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. त्यानंतर नागपूरसह सात शहरांत जाहीर चर्चासभा झाल्या, व ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. तेथील वादाचा रोख मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे सुरक्षिततेच्या परीक्षा पुरेशा व स्वतंत्र होत्या काय यावर होता. याउलट, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली काढलेला आणि मार्च २०२१ पासून अमलात आलेला आदेश पहिल्या प्रश्नाशी निगडित आहे. त्यान्वये २४ पिकांच्या आयातीसोबत ती जनुक-परिवर्तित नसल्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविण्यात आले, व नकळत मिसळलेला अंश एक टक्क्यापर्यंत क्षम्य मानण्यात आला.

ही एक टक्क्याची मर्यादा व्यवहार्य आहे, कारण ती नमुना-परीक्षेने पडताळता येते. परंतु ती आरोग्यशास्त्रातून निघालेली नाही. एक टक्क्याखाली निर्धोक आणि त्यावर घातक, असा अर्थ तिच्यातून काढता येणार नाही. स्टारलिंकच्या बाबतीत शून्याची मर्यादा कायद्याला सोयीची परंतु परीक्षेला अशक्य होती. येथे मर्यादा परीक्षेला शक्य आहे, पण सुरक्षिततेविषयी ती मौन पाळते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘आढळले’ किंवा ‘आढळले नाही’ असा शेरा वाचताना कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, कोणत्या नमुन्यावरून व कोणत्या मर्यादेपर्यंत, हे विचारल्यावाचून त्या शेऱ्यावर धोरण उभारणे धोक्याचे ठरते. आणि ज्या वस्तूविषयीचा संशय अद्याप फिटलेला नाही, ती वेगळी राखण्याची व्यवस्था कोठारापासून बाजारापर्यंत खरोखर अस्तित्वात आहे काय, याची खात्री परवाना देण्यापूर्वी करून घ्यावी लागते. ती उणीव नंतरच्या कोणत्याही परीक्षेने भरून निघत नाही.